चौथी क्लचप्लेट

वर्षभरात चार क्लचप्लेटा जळाल्या, तीन मेकॅनिकांनी हात टेकले, तेव्हा काकांनी वैतागून गाडी विकायला काढली. घ्यायला आलेला माणूस पेशानं ड्रायव्हर. त्यानं काकांना शेजारी बसवून फेरी मारली, तर गाडी लोण्यासारखी पळाली.

"गाडी ठणठणीत आहे, काका. आता तुम्ही चालवा बघू."

काका चालवायला बसले. कोपऱ्यापर्यंत जाईतो गाडी कण्हू लागली, जळका वास सुटला. ड्रायव्हरनं गाडी बंद करायला लावली आणि खाली वाकून पाहिलं.

"काका, डावा पाय क्लचवरून काढा."

"कधीचाच काढलाय."

ड्रायव्हरनं खाली बोट दाखवलं, म्हणून काकाही वाकले. पाय क्लचवरच होता. ड्रायव्हरनं बिचकतच त्या पायाच्या पोटरीला चिमटा काढला.

काकांना चिमटा नुसता दिसला.