लिंकनची गाडी

क्लाइव्हच्या पत्राला नॉर्मनने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. वडिलांच्या अंत्यविधीला न आलेल्या त्या धाकट्या भावाने लिहिलं होतं, ‘माझं चुकलं. हल्ली लिंकनला राहतो. कधीही ये.’ नॉर्मनने ते पत्र बायको बेरिललाही दाखवलं नव्हतं. आणि आज तिच्याबरोबर तो नेमका लिंकनलाच आला होता.

निघाले होते समुद्रावर. स्टेशनात कळलं, ती गाडी रद्द. बघता बघता ते लिंकनच्या गाडीत बसले होते. आयत्या वेळी ठरलेलं इतकं बिनबोभाट जुळतं? नॉर्मनला संशय आला. हिने पत्र वाचलंय. क्लाइव्हशी संधान बांधलंय.

कॅथीड्रलचा चढ चढताना ती दर वळणावर थांबली. गुडघे दुखतात म्हणाली. चहाच्या दुकानात तिने दोघांसाठी चार खुर्च्यांचं टेबल धरलं. दार वाजलं की नॉर्मन मान वळवायचा. त्याचा चहाबरोबरचा स्कोन पाव तसाच राहिला. मग तिला संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबायचं होतं. नाताळलाही चर्चची पायरी न चढणारी बाई!

गायकांच्या मागच्या बाकांवर त्यांना बसवलं. तिथली बाकं समोरासमोर. पलीकडची सगळी तोंडं दिसतात. नॉर्मनने एकेक पारखलं. बेरिलने शेजारच्या जागेवर कोट ठेवला होता. अस्सं, तो मनात म्हणाला. भावाला काय सुनावायचं ते त्याने जुळवायला घेतलं. पहिलं वाक्य कठोर होतं. दुसरं तितकं नव्हतं.

गाणं सुरू होता होता एक म्हातारी धापा टाकत आली. बेरिलने चटकन कोट उचलून तिला बसवून घेतलं.

नॉर्मनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो पुन्हा दाराकडेच बघत राहिला.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलंच, “क्लाइव्ह का नाही आला?”

“कोण, तुझा भाऊ?” बेरिल थबकली. “तो इथे राहतो? अरे, मी तर घरी परत जाऊ म्हणत होते. लिंकन तू म्हणालास. तिकिटंही तूच काढलीस.”

नॉर्मनने पत्राचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, चल की मग, दार ठोठावू. तो दचकला. न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, आधी कार्ड टाकायला हवं, असं त्याचं म्हणणं पडलं.

“मग घरी मलाही चहा माग ना कार्ड टाकून,” बेरिल म्हणाली. पण मैत्रिणीसाठी घेतलेलं कॅथीड्रलचं कार्ड तिने पर्समधून काढून दिलं, टपालाच्या तिकिटासकट.

भिंतीवर टेकवून त्याने लिहिलं, ‘मंगळवारी येतो. बेरिलही येईल.’ पत्ता लिहिताना तो कुठेही अडला नाही. मग कुणालाही रस्ता न विचारता तो गल्ल्या उतरत गेला आणि क्लाइव्हच्या घरासमोरच्या लाल पेटीत त्याने ते कार्ड टाकलं.