मालकाने स्वतः बोलावे

“‘मी हे बाहेरचे ॲप स्वेच्छेने घेत आहे,’ असे फोनच्या मालकाने स्वतःच्या आवाजात म्हणावे.”

फोनवर एवढी अक्षरं उमटली. खाली एक चिमुकला माइक धडधडत राहिला.

घोषणावाल्याने आधी फोनकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे आता स्वरयंत्र नव्हतं, भोक होतं. उभी हयात त्याने बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली होती. त्याच्या आवाजाच्या धाकाने रेंगाळणारे ड्रायव्हर चहा अर्धा टाकून गाडीत चढत.

तो आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढला. पण त्याआधी लेकीने तो एका ॲपमध्ये भरून ठेवला होता. घोषणावाला लिही, ॲप त्याच्या आवाजात बोले. बायकोशी भांडणंसुद्धा नीट चालू होती. मग फोन कंपनीने ते ॲप आपल्या दुकानातून काढलं, आणि पुढच्या अपडेटला फोनमधूनही पुसलं. कारण दिलं, हे ॲप माणसाचा खोटा आवाज काढतं. खरा तोवर दवाखान्यात बरणीत होता. भरलेला आवाज दुसऱ्या फोनवर उघडत नव्हता. चोरीला जाऊ नये म्हणून याच फोनला बांधलेला.

आता नियामकांनी कंपनीला खडसावलं होतं. बाहेरची ॲप्स येऊ द्या, म्हणाले. टीव्हीवर कंपनीचा माणूस ओरडला की दार उघडं टाकलं तर चोर शिरतील. समोरचा ओरडला की घर ज्याचं त्याने ठरवावं. घोषणावाल्याची बायको कंपनीच्या बाजूची. तिला बाहेरची चप्पलसुद्धा घरात आलेली खपत नसे. पण आज तीही फोनवर वाकून बसली होती, कारण वन्संना ऑपरेशनला नेणार होते आणि त्याआधी त्यांना भावाचा आवाज ऐकवायचा होता.

वन्सं म्हणजे घोषणावाल्याची थोरली बहीण, दूरच्या गावी दवाखान्यात. डोळे गेलेले, त्यामुळे चिठ्ठी नाही, व्हिडिओ नाही. भावाचा आवाज बंद झाल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, तो गेलाय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. गळ्याला लावायचं गुरगुरणारं यंत्र लावून त्याने एकदा तिला हाक मारली होती. ती म्हणाली, “आधी तो मिक्सर बंद करा.”

लेकीने माइकसमोर वाक्य म्हटलं.

“हा मालकाचा आवाज वाटत नाही,” फोन म्हणाला. “फोन चोरीला गेला आहे का?”

गळा शाबूत असताना घोषणावाला या फोनशी तासन्‌तास बोलायचा. फोनला त्याचा आवाज तोंडपाठ होता.

लेकीने स्वतःच्या फोनवरून कंपनीला गाठलं.

“मालकांना फोनवर द्या ना, मॅडम,” तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

“ते बोलू शकत नाहीत.”

“अच्छा. मग सर कधी मोकळे होतील?”

“ॲप आल्यावर!”

“ठीक आहे मॅडम. ॲप आलं की त्यांना बोलायला सांगा, आपण लगेच ॲप सुरू करून देऊ.”

लेकीने फोन आपटला. बायकोने कपाळाला हात लावला. “आधी बरं होतं गं. नुसतं ‘नाही’ म्हणायचे. आता ‘हो म्हणा’ म्हणतात.”

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. वन्संचाच. मागे स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती.

“अगं, मला आत नेतायत. भोंग्याला दे.” लहानपणी रडून गल्ली उठवायचा म्हणून भोंग्या.

“आहेत ना, वन्सं. हे काय, शेजारीच बसलेत.”

“मग बोलू दे की. एक शब्द.”

घोषणावाल्याने तोंड उघडलं, मिटलं. मग टेबलावर जोरात थापा मारल्या.

“ठोकायला काय, सुतारही ठोकतो,” वन्सं म्हणाल्या.

लेकीने घाईघाईने आपल्या फोनवर एक जुनी क्लिप काढली. बाबांच्या निवृत्तीचा दिवस, बाबांची शेवटची घोषणा. तिने ती आईच्या फोनला टेकवली. खोलीभर तो आवाज घुमला, खणखणीत, एकही अक्षर न सांडणारा.

“प्रवाशांनी नोंद घ्यावी. गाडी सुटत आहे. निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी कृपया खाली उतरावे.”

घोषणावाल्याने लेकीच्या हातातून फोन ओढून क्लिप बंद केली. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

पलीकडे चाकं थांबली होती.

“हे जुनं आहे गं,” वन्सं हळूच म्हणाल्या. “रेकॉर्डिंग गेलेल्या माणसाचंच लावतात.”

“आत्या, नाही गं! बाबा इथेच आहेत, देवाशपथ!”

“असू दे बाळ. मला कळलं. येतेच आहे म्हणावं त्याला.”

कोणीतरी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. चाकं पुन्हा कुरकुरली आणि फोन बंद झाला.

घोषणावाल्याने स्वतःचा फोन उचलून तोंडाशी धरला. ओठ फाकले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, गळ्याच्या भोकातून वारा सुटला.

फोनने ऐकण्याची सगळी मुदत दिली. मग म्हणाला, “माफ करा, काही ऐकू आलं नाही. कृपया थोडं मोठ्याने बोला.”