न लावलेला प्रोसेसर

नकली चिपांचं पितळ उघडं पाडावं तर दाजींनीच. म्हणून मेहुण्याने हौसेने घेतलेला नमुना प्रोसेसर त्यांच्याकडे आणला. "विक्रीआधीचा आहे, दाजी. कधीच कुठे लावलेला नाही म्हणे."

दाजींनी भिंगाखाली धरला. प्रत्येक सोनेरी ठिपक्यावर एक ओरखडा होता. "एकदा लावलाय रे. बोर्डात बसवला की दर वेळी पिना एकेक ओरखडा सोडतात."

मेहुणा बाहेर फोनवर बोलून आला. त्याने स्वतः भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्यावर दोन ओरखडे.

"मी बाहेर गेल्यावर लावून बघितलात ना? तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला! थांबा, ताईलाच सांगतो."

"अरे, माझ्याकडे याचा बोर्डसुद्धा नाही! ये, मी धरतो, तू बघत राहा."

दाजींनी प्रोसेसर चिमट्यात घट्ट धरला. मेहुण्याने भिंगाला डोळा लावला.

"दाजी," तो कुजबुजला, "तिसरा उमटतोय."

चिमटा गरम व्हायला लागला होता.