तवंगाच्या कडेचा फेस

सकाळी भरती लागली, तरी खाडीवर तेलाचा काळा तवंग तसाच होता. फुटलेल्या जहाजातलं ते तेल एकदा कांदळवनात शिरलं, तर चांगुणा तांडेलसारख्या कालवं काढणाऱ्या बायकांची खाडी गेलीच होती.

निलोफर मुकादमनं आदल्या दिवशी पाण्यात प्रयोगशाळेत वाढवलेले आपले जीवाणू सोडले होते. तेल फोडणारा साबण ते स्वतःच बनवत. पण तो बनवणारं जनुक आजूबाजूला पुरेसे सोबती जमल्याशिवाय उघडत नसे.

"तुझे किडे निजले काय गो?" चांगुणानं विचारलं.

"जमतायत, मावशी."

निलोफरच्या हातात एका रसायनाची बाटली होती. ती ओतली असती, तर जनुक तिथल्या तिथे उघडलं असतं. पण अजून मूठभरच असलेले जीवाणू साबण करता करता थकून मेले असते. पाणी चढत होतं. तरी तिनं झाकण उघडलं नाही.

पाणी पहिल्या झाडांच्या मुळांना टेकलं, तेव्हा तवंगाच्या कडेला पांढरा फेस दिसला. बघता बघता तो खाडीभर पसरला आणि तेलाचे बारीक थेंब होऊन ते विखरू लागले.

"कोणी सांगितलं त्यांना?"

"कोणीच नाही. 'मी आहे', एवढंच प्रत्येक जण पाण्यात सांगत राहतो. ती कुजबुज दाटली, की सगळे एकदम कामाला लागतात."

चांगुणानं पदर खोचला. मग ती खाडीकडे तोंड करून ओरडली, "शाब्बास रे पोरांनो!"

निलोफरला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.