सहावी सीट

आजोबा तिसऱ्या रांगेत शिरले खरे, पण आता बाहेर कसं यायचं ते काही कळेना. गुडघे हनुवटीला टेकलेले, डोकं छताला चिकटलेलं, आणि पुढच्या रांगेतून दोघी जुळ्या नाती मागे वळून खिदळतायत.

"आजोबा, तुम्ही अगदी सामानासारखे दिसताय."

"असू दे. ऐसपैस आहे. मला तर इथे झोपसुद्धा लागेल."

सेल्समन लगेच खूश. "बघा साहेब, तीन रांगांचा हाच फायदा. घरातलं कुणी मागे राहत नाही."

मुलगा पलीकडच्या दोन रांगांच्या गाडीभोवती घिरट्या घालत होता. सून नुसती त्याच्याकडे बघत उभी.

आजोबांनी परत मोजलं. मुलगा, सून, मोठी नात, दोघी जुळ्या. झाले पाच. आपण सहावे. आणि त्या गाडीत सीटा पाच. कितीही वेळा मोजा, कुठूनही मोजा, सहावा आपला बाहेर.

आता गंमत बघा, एकतीस वर्षं शहराची बस चालवलेला हा माणूस. बावन्न सीटांची. अख्ख्या शहराला फिरवलं, पण घरच्यांना कधी कुठे नेलं नाही, कारण सुट्टी आली की जादा फेऱ्या. मुलगा लहानपणी डबा द्यायला डेपोत यायचा आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून एक फेरी मारायचा. सगळा वेळ बापाची मान बघत. आता आजोबांना एवढंच हवं होतं की मुलाने गाडी चालवावी आणि आपण त्याच्याबरोबर असावं. उगाच सांगावं, आरशात बघ, हळू घे. शेजारी नाही तर मागे. अगदी सामानाच्या जागीसुद्धा चाललं असतं.

"बाबा, इकडे या," मुलाने हाक मारली. "ह्या गाडीत बसून बघा. स्टिअरिंगवर."

"मी कशाला? म्हाताऱ्याची चेष्टा करतोस काय?"

"बसा तर."

आजोबा बसले. हात आपोआप स्टिअरिंगवर गेले. मुलगा दाराशी उकिडवा बसला आणि बटण दाबून सीट पुढे-मागे करायला लागला. "ब्रेकवर पाय नीट पोचतोय? कमरेला टोचत नाही ना?"

माझं मन राखतोय, आजोबांना वाटलं. रडणाऱ्या पोराच्या हातात दुकानदार घटकाभर खेळणं देतो ना, तसं.

"ही ऑटोमॅटिक आहे," सेल्समन म्हणाला. "गिअरची कटकटच नाही."

आजोबांना नवल वाटलं. हाताला काम नाही तर ते कसलं चालवणं, असं मुलगाच तर म्हणायचा. मग वाटलं, सुनेला शिकवायचं असेल.

दुपारी आजोबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती.

"बाबांना आता सांगून टाक ना," सून म्हणत होती. "किती दिवस लपवायचं?"

"गाडी घरी येऊ दे, मग सांगतो."

"आणि ती मोठी गाडी? त्यांना आवडली होती रे."

"घरात माणसं पाच. उगाच दोन सीटा रिकाम्या फिरवायच्या कशाला?"

आजोबांच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. पाच. मुलाने मोजले तेही पाचच.

चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. "दोन रांगांचीच घ्या. मला हल्ली गाडी लागते."

"तुम्हाला?" मोठी नात हसत सुटली. "आजोबा, थापा तरी नीट मारा."

मुलगा हसला नाही. कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "गाडी आणायला जाताना लायसन्स बरोबर घ्या."

"ते कशाला?"

"ओळखपत्र लागतं."

गाडी आणायच्या दिवशी तिघी पोरी धावत जाऊन मागच्या सीटवर बसल्या. सून पुढे डावीकडे बसली. आजोबा भिंतीशी उभे, खिशातला पास चाचपत.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो बसने. माझा पास आहे."

मुलाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना थेट स्टिअरिंगमागे नेऊन बसवलं.

"अरे, हे काय? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"बावन्न सांभाळलीत. पाच नाही जमणार?"

आजोबांचा चेहरा असा फुलला की जुळ्या टाळ्या पिटायला लागल्या. त्यांनी आरसा सारखा केला. आरशात तिघी नाती दिसल्या. मग एकदम आठवलं. "आणि तू रे? तू कुठे बसणार?"

"मी येतो बसने. पास तेवढा द्या तुमचा."

"त्यावर माझा फोटो आहे, गाढवा."

सगळे हसले. तेवढ्यात सेल्समन दारातून आत वाकला. "सीटची ही दोन बटणं बघून ठेवा. एक नंबर दाबला की सीट आपोआप आजोबांच्या मापाची होणार. आता दोन नंबरला साहेबांचं माप लावून टाकू?"

सून खिडकीबाहेर बघायला लागली.

"दोन नंबर रिकामंच राहू दे," मुलगा म्हणाला. "तीन वर्षांनी परदेशातून परत येईन ना, तेव्हा लावू."