गुलाबी ठिपका

शामरावांनी इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर फिरवणाऱ्या पट्ट्यावर पाणी मारलं. पट्ट्याचं किंचाळणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. म्हणजे पट्टा सैल नव्हता, पुली केसभर तिरकी बसली होती. अशी तिरकी पुली बसवायची खोड त्यांच्या धाकट्या भावाची, विलासची. शामराव मनाशीच हसले.

इंजिन बंद करून ते आत वाकले आणि तसेच राहिले. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता. बोल्ट ढिला पडला तर कळावं म्हणून सगळेच मिस्त्री रंगाची खूण करतात. पण त्यासाठी बायकोची नेलपॉलिश पळवणारा एकटा विलासच. तीन वर्षांमागं त्याची जीप धरणात गेली. जीप सापडली, तो सापडला नाही. शेवटी शामरावांनीच दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता.

“हे काम कुणी केलं?” त्यांनी गाडीवाल्याला विचारलं.

“हुबळीच्या एका मिस्त्रीनं. गेल्याच महिन्यात.”

तेवढ्यात विलासची बायको जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात आली. शामरावांची नजर तिच्या बोटांवर गेली. विलास गेल्यापासून त्या नखांना रंग लागला नव्हता. मग हा गुलाबी रंग कुणाच्या नखांचा?

“कसला आवाज येत होता, भावजी?”

“काही नाही. पुली तिरकी बसलीय.”

“म्हणजे आमच्या ह्यांचीच खोड,” ती किंचित हसली आणि बघायला पुढं झाली.

शामरावांनी धाडकन बॉनेट पाडलं.