खुब्याची वाटी

पौडच्या एसटी स्टँडवर बारकू जवळ उभ्या लेकीच्या खुब्याचा नवा एक्स-रे उन्हात धरून शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवत होता. “आपरेशनच्या आधी ही वाटी ताटलीवानी उथळ व्हती, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यातनं सारखा निसटायचा. डाक्टरांनी हाड कापून वाटी गोळ्यावर कलती केली. आता पोर चालंल तशी ती आपसूक खोल हुतीया. बगा, कशी गोल भरलीया!” लेकीला आजवर खांद्यावर घेऊन गाडीत चढावं लागे, म्हणून गर्दीत तो सगळ्यांच्या मागं पडायचा, घरापर्यंत उभ्यानंच जायचा. एवढ्यात गाडी लागली आणि झुंबड उडाली. बारकू सवयीनं तिला उचलायला वाकला, तर पोर तिथं नव्हती. खांद्यावरचा टॉवेलही नव्हता. तिला शोधत तो गर्दीत पळत सुटला. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून तिचं हसरं तोंड बाहेर आलं. “बा, पळू नगं, सावकाश ये! टावेल टाकून तुझी जागा धरलीया मी!”